पारितोषिकाचा रकाना

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक पारितोषिक मी दिले नाही. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. आज ते कोणाला आठवतही नसेल. मला मात्र ते अधूनमधून टोचते, आणि या लेखाचे मूळ त्या टोचणीत आहे.

सुरतेच्या पूर्वेला पर्वत पाटिया नावाचा भाग आहे. नावावर जाऊ नये, तिथे डोंगर नाही. पर्वत हे जुन्या गावाचे नाव आणि पाटिया म्हणजे गावाकडे वळणाऱ्या फाट्यावरची पाटी. गाव शहरात बुडाले, नाव तेवढे वर राहिले. साड्यांचे गठ्ठे भरलेले टेम्पो दिवसभर येथून जातात-येतात. जवळच लिंबायत, गोडादरा, डिंडोली. या सगळ्या पट्ट्यात आपली खानदेशी माणसे दाटीने राहतात. ताप्ती लाइनच्या गाडीने नंदुरबारहून, दोंडाईच्याहून, अमळनेरहून आलेली. पुरुष लूमच्या खात्यात किंवा मार्केटात, बाया घरी बसून साड्यांचे धागा कटिंग करणार, टिकल्या-स्टोन लावणार. त्यांची मुले आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, पडद्यावर हिंदी आणि माझ्या तासाला प्रमाण मराठी, अशा चार भाषा ही मुले दप्तरासारख्या पाठीवर वागवतात.

तर त्या संमेलनात दोन स्पर्धा होत्या. एक गीतगायनाची, दुसरी स्वरचित काव्यवाचनाची. नववीतल्या एका मुलाने दोन्हींत नाव दिले आणि दोन्हींत एकच गाणे म्हटले. शब्द त्याचे, चाल त्याची, गळा त्याचा. गाणे अहिराणीत होते. आईच्या बोटांना लागणारी कात्री, बापाची रात्रपाळी आणि लूमचा खटका. त्या खटक्यावरच त्याने ठेका बांधला होता. दुसऱ्या कडव्यापासून मागच्या बाकांवरची पोरे त्याच्याबरोबर गाऊ लागली. परीक्षकांत मी होतो. गीतगायनात त्याला आम्ही बाद केले, कारण नियमाप्रमाणे गीत मान्यवर कवीचे हवे होते. काव्यवाचनात बाद केले, कारण त्याने कविता वाचली नाही, गायली. बक्षीस समारंभानंतर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, गानं बी मनंच शे ना!" मी त्याला नियम समजावून सांगितला. मुख्याध्यापकाला नियम फार छान समजावून सांगता येतात.

त्या रात्री मला रेमो फर्नांडिस आठवला. (कलावंताला एकेरी म्हणण्याची आपली जुनी रीत आहे, तीत अनादर नाही.) आमच्या कॉलेजच्या दिवसांत, सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास, दूरदर्शनवर हा गोव्याचा लांब केसांचा माणूस गिटार घेऊन दिसायचा. नंदुरबारसारख्या गावी आम्हाला त्याच्या इंग्रजीतले निम्मे कळत नसे. तरी एक गोष्ट कळत होती. हा दुसऱ्याचे गाणे गात नव्हता.

आज मागे वळून त्याला मिळालेल्या मानसन्मानांची यादी पाहिली म्हणजे माझ्या त्या दोन रकान्यांचा घोळ किती जुना आणि किती मोठा आहे ते दिसते.

रेमोचा जन्म १९५३ चा, घर बार्देशातल्या शिवोलीचे. मुंबईला जे. जे. मध्ये वास्तुशास्त्र शिकला, मग युरोप-आफ्रिकेत पाठीवर पिशवी टाकून भटकला आणि गावी परत आला. १९८४ साली 'गोअन क्रेझी' ही त्याची कॅसेट निघाली. ती कशी निघाली हे आमच्या संगीत शिक्षकांनीही वाचावे. मुंबईचा स्टुडिओ नाही, कंपनी नाही. घरातच चार ट्रॅकचे छोटे ध्वनिमुद्रणयंत्र. अशा यंत्रात एका पट्टीवर चार समांतर वाटा असतात. आधी एका वाटेवर गिटार वाजवायची, मग ती कानाला लावून ऐकत दुसऱ्या वाटेवर ठेका, तिसऱ्यावर बासरी, चौथ्यावर आवाज. वाटा संपल्या की दोघींना एकत्र करून एकीवर बसवायचे आणि मोकळी झालेली वाट पुन्हा वापरायची. प्रत्येक वेळी पट्टीची खरखर थोडी वाढते, आणि एकदा एकत्र केलेले पुन्हा वेगळे करता येत नाही. म्हणजे पुढचे सगळे गाणे डोक्यात आधीच तयार असावे लागते. शब्द, चाल, वादन, गायन, मुद्रण, वेष्टणावरचे चित्र, सगळे याचेच. आणि तयार झालेल्या कॅसेटी स्कूटरवर टाकून गोवाभर दुकानोदुकानी देणाराही हाच. आपल्या वासुदेवाचे आणि गोंधळ्याचे अर्थकारण साधारण असेच होते, एवढेच की त्यांच्याकडे स्कूटर नव्हती.

या कामाला पारितोषिक कोणते? कोणतेच नाही. आपल्या देशात त्यासाठी रकानाच नव्हता.

पहिला मोठा सन्मान आला तो परदेशातून. १९८६ साली पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सवात रेमो भारतातर्फे गेला आणि तीन बक्षिसे घेऊन आला. एक वृत्तपत्रीय समीक्षकांचे, एक श्रोत्यांच्या पसंतीचे आणि एक एकूण सादरीकरणाचे दुसरे. मला हे फार बोलके वाटते. समीक्षक, प्रेक्षक आणि अधिकृत परीक्षक हे तिघे एकाच माणसाकडे बोट दाखवतात असे साहित्यात क्वचितच घडते. आमच्याकडे तर समीक्षकाला आवडले म्हणजे वाचकाला आवडणार नाही, अशी उभयपक्षी समजूत आहे! पण येथे समीक्षकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पूर्व जर्मनीतल्या त्या सभागृहात रेमोचे इंग्रजी शब्द किती जणांपर्यंत पोहोचले असतील? ज्यांना शब्द पुरते कळत नाहीत त्यांनी दिलेले बक्षीस शब्दांना नसते. ते त्याच्या उभे राहण्याला, लयीला, वाद्यावरच्या हुकमतीला मिळाले. गीतकार रेमो त्या बक्षिसातून बाहेरच राहिला.

मग आली गोल्ड डिस्क. १९८६ चा 'पॅक दॅट स्मॅक' हा अंमली पदार्थांविरुद्धच्या गाण्याचा संग्रह, त्यानंतर १९८७ चा 'बॉम्बे सिटी'. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीयाच्या कॅसेटी अशा खपतील असे तोवर कोणाला वाटले नव्हते. सोन्याची तबकडी हा ध्वनिमुद्रिका-व्यवसायातला मान आहे. ठरावीक प्रती विकल्या गेल्या की मिळतो. तो हिशेबनिसाचा पुरस्कार आहे. मी त्याला हिणवत नाही. हिशेबनीस निदान खोटे बोलत नाही, आणि लोकांनी पदरचे पैसे मोजले ही दाद कोणत्याही शालीपेक्षा कमी नाही. पण कोणत्या ओळीसाठी मोजले, हे ती तबकडी सांगत नाही.

चित्रपटांनी तर या माणसाचे तुकडेच केले. 'जलवा' (१९८७) मधून तो हिंदीच्या प्रेक्षकाला माहीत झाला. १९९५ च्या 'बॉम्बे'तल्या ज्या गाण्यावर आजही वराती नाचतात त्यातला तो घोगरा मर्दानी आवाज त्याचा, चाल ए. आर. रहमान यांची. १९९८ च्या 'प्यार तो होना ही था'चे शीर्षकगीत त्याने जसपिंदर नरुला यांच्याबरोबर गायले, चाल जतिन-ललित यांची, शब्द समीर यांचे. त्या गाण्यासाठी जसपिंदर नरुलांना फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. यात अन्याय शोधायचा नाही. मुद्दा असा की येथे रेमो म्हणजे केवळ एक कंठ. ज्याने एका खोलीत बसून सगळे गाणे एकट्याने उभे केले, त्याच्या कंठाचे तेवढे मोजमाप झाले. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार घ्या, फिल्मफेअर घ्या. शब्दाला वेगळे बक्षीस, चालीला वेगळे, गळ्याला वेगळे. चित्रपटात ही कामे खरोखरच वेगवेगळी माणसे करतात, तेव्हा ते रास्तही आहे. अडचण एवढीच की ही वाटणी पुढे आपल्या डोक्यात बसली आणि चित्रपटाबाहेरच्या गाण्यालाही आपण तीच लावू लागलो.

२००७ साली रेमोला पद्मश्री मिळाली. सरकारी यादीत नाव असते, क्षेत्र असते, राज्य असते. क्षेत्र : कला. राज्य : गोवा. कोणत्या गाण्यासाठी, कोणत्या धाडसासाठी, हे त्या यादीत लिहिण्याची रीत नाही. तरीही मला त्या पद्मश्रीचे मोल वाटते, कारण रेमोने सरकारला नेहमी गोड लागेल असे गायलेले नाही. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात त्यांच्यासमोरच, त्यांनाच उद्देशून रचलेले गाणे त्याने म्हटले होते, आणि त्यात गोव्याची गाऱ्हाणी होती. स्थानिक पुढारी संतापले. पंतप्रधानांनी मात्र गाणे आवडल्याचे कळवले. माझ्या मते रेमोच्या सगळ्या मानचिन्हांत हे सर्वांत अचूक आहे, कारण एकट्या या ठिकाणी कोणीतरी त्याचे शब्द ऐकून दाद दिली.

त्याचे सगळेच गाणे मला सारखे आवडते असे मात्र नाही. गावच्या माणसाच्या लकबी टिपणारा, चिमटे काढणारा, गोव्याच्या बाजारातून आणि चर्चच्या पायऱ्यांवरून बोलणारा रेमो पहिल्या प्रतीचा. 'ओ मेरी मुन्नी'सारख्या हिंदी पॉपमधला रेमो मला परक्या अंगणात नाचणाऱ्या पाहुण्यासारखा वाटतो. नाच उत्तम, पण अंगण त्याचे नाही. असा फरक करायला समीक्षा लागते. पुरस्कार तो करू शकत नाही.

इंग्रजीत अशा कलावंताला सिंगर-साँगरायटर हा एक सलग शब्द आहे. मराठीत शाहीर हा शब्द जवळजवळ तेवढ्याच अर्थाचा होता. आपण त्याला डफात आणि पोवाड्यात अडकवून टाकले. नाव नाही, म्हणून रकाना नाही.

आसामात काय झाले पाहा. भूपेन हजारिका शब्द स्वतः लिहीत, चाल स्वतः बांधत, स्वतः गात. 'चमेली मेमसाब'साठी १९७५ चा संगीतकाराचा राष्ट्रीय पुरस्कार, १९८७ साली संगीत नाटक अकादमी, १९९२ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, २००१ साली पद्मभूषण, आणि २०११ मध्ये निधन झाल्यावर २०१९ साली भारतरत्न. ही कमान आपण कौतुकाने वाचतो. मी मात्र त्यातून वेगळीच एक नोंद काढून ठेवली आहे. १९९३ साली ते आसाम साहित्य सभेचे अध्यक्ष होते. एका भाषेच्या लेखक-वाचकांनी आपल्या सर्वोच्च खुर्चीवर गाणाऱ्या माणसाला बसवले, आणि हा कवी की गायक असा प्रश्न त्यांना आडवा आला नाही.

त्याच १९९३ साली वर्ध्याला पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वामनदादा कर्डक होते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा, जन्म १९२२ चा. मुंबईत गिरणी-चाळीच्या आयुष्यात मोठेपणी अक्षरे शिकले आणि मग गाणी रचत, गात महाराष्ट्रभर फिरले. २००४ साली गेले. त्यांची गाणी हजारोंनी आहेत आणि जयंतीच्या दिवशी आजही प्रत्येक वस्तीत ती वाजतात. आंबेडकरी चळवळीने त्यांना साहित्यिक म्हणून खुर्ची दिली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांच्या यादीत मात्र त्यांचे नाव नाही. गदिमांचे आहे; १९७३ साली यवतमाळला ते अध्यक्ष झाले आणि ते व्हायलाच हवे होते. गदिमा लिहीत आणि गात दुसरे. वामनदादा लिहीत आणि स्वतःच गात. त्यांच्या वाटेत जात आडवी आली हे उघड आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. पण गळाही थोडा आडवा आला असावा असे मला वाटते. जो गातो तो साहित्यिक कसा, ही शंका आपल्या वाङ्मयीन मनात खोल बसलेली आहे.

आपल्या बहिणाबाईंचेच पाहा ना. असोद्याची ही लेक जात्यावर, शेतात आपली गाणी आपल्या गळ्याने म्हणत होती. अक्षर येत नव्हते. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ती उतरवून घेतली. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या पाठिंब्याने संग्रह निघाला. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. केवढा हा मान! पण विद्यापीठाच्या पाटीवर 'कवयित्री' आहे. तीस वर्षे मी त्यांच्या कविता शिकवल्या. चाल एकदाही विचारली नाही, मुलांना विचारू दिली नाही. संदर्भासह स्पष्टीकरण मात्र दरवर्षी दिले.

बॉब डिलनला २०१६ चे साहित्याचे नोबेल जाहीर झाले तेव्हा हाच वाद जगभर रंगला. डिसेंबरमधल्या समारंभाला तो गेलाच नाही. त्याच्या वतीने पॅटी स्मिथने त्याचे गाणे म्हटले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याने स्टॉकहोमला गाजावाजा न करता पदक घेतले. समारंभासाठी धाडलेल्या भाषणात त्याने शेक्सपिअरचा दाखला दिला होता. नाटक उभे करताना नट कुठला, पैसा कुठला, याच विवंचनेत तो असणार. हे साहित्य आहे का, हा प्रश्न त्याच्या मनात आलाही नसेल, अशा अर्थाचे ते बोलणे आहे. मला ते पटते. लूमच्या खटक्यावर ठेका बांधणाऱ्या पोरालाही तो प्रश्न पडला नव्हता. तो पडला परीक्षकांना.

आता आमच्या पर्वत पाटियाकडे पुन्हा येतो. येथे लग्नसराईत, गणपतीत, कानबाईच्या उत्सवात जी गाणी वाजतात त्यांतली कित्येक आता अहिराणी आहेत. ही पोरे मोबाइलवर गाणी काढतात. खाली नावे पाहावीत तर गीत, संगीत, गायन या तिन्हींपुढे पुष्कळदा एकच नाव. त्यांना मान देणारी संस्था नाही, म्हणून त्यांचा मान आकड्यांत मोजला जातो. यूट्यूबवर एक लाख सदस्य झाले की रुपेरी बटण, दहा लाखांना सोनेरी. पुन्हा हिशेबनिसाचा पुरस्कार, फक्त अमेरिकेहून आलेला. मी ही गाणी ऐकली आहेत, आवडीने आणि कंटाळूनही. बरीचशी एकाच साच्याची. तीच पोर, तोच झुमका, तोच ढोलाचा ठोका. पण मधूनच एखादे असे येते की गाव सोडताना एसटीच्या खिडकीतून मागे पाहिल्यासारखे वाटते. त्या एकाला बाकीच्यांतून वेगळे काढून दाखवणे हे काम बटणाचे नाही, ते आपले आहे. आणि आपण, म्हणजे अशा अंकांत लिहिणारे आम्ही एम. ए. झालेले लोक, ते केलेले नाही. अहिराणी गाण्याच्या एखाद्या नव्या संग्रहावर आपल्या सीमेवरच्या किती अंकांनी अर्धे पान दिले? पुस्तक आले नाही म्हणून परीक्षण नाही. पुन्हा रकाना.

असो. तो मुलगा गेल्या जूनमध्ये शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आला होता. दहावी झाली, आता मार्केटात साड्यांच्या घड्या घालण्याचे काम करतो, अकरावी बाहेरून करणार म्हणाला. दाखल्यावर सही करताना मी त्याला त्या गाण्याबद्दल विचारले. म्हटले, वहीत असेल तर आण, माझा एक लेख चालला आहे, मला ते नीट पाहायचे आहे. त्याने वही नसल्याचे सांगितले. मग खिशातून मोबाइल काढला, इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "सर, ऑफिसमा वाजाडू का?"

शिपायाने दार लोटून घेतले. चार कडवी होती. संमेलनात त्याने दोनच म्हटली होती, कारण तेवढ्यात मी घंटा वाजवली होती.